बाबांचा शेक, आम्ही घालवलेले १९ दिवस आणि शांत मरण

सांजवात

बाबांना जाऊन चार महिने झाले. आता लिहिता येईल असं वाटतंय म्हणून धागा काढते आहे.

प्रोस्टेटचा कॅन्सर होता, तो कमरेच्या हाडात आणि मणक्यात उतरला होता. बरं होण्याचा प्रश्न उरला नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांचं एकच म्हणणं असायचं, "मरणाचं काही नाही, हाल नकोत." कूस बदलताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघायचा तो अजून माझ्या कानात आहे. रात्री दोन-अडीचला उशी कमरेखाली सरकवायची, मग काढायची, मग पुन्हा सरकवायची, असं करत आम्ही दोघं पहाट करायचो.

डॉक्टर म्हणाले, कमरेच्या हाडाला रेडिएशन देऊ, दुखणं कमी होईल. एकदाच. आठ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं माप). घरी येऊन सांगितलं तर सगळे अंगावर आले. "शेवटच्या दिवसांत माणसाला जाळायचं का?" "घरात चार वर्षांची पोर आहे." काका म्हणाले, ती किरणं अंगात राहतात. भावाने मोबाईलवर चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघाताचे फोटो काढून दाखवले. मला उत्तर देता आलं नाही, कारण आतून मलाही तेच वाटत होतं. १९ दिवस आम्ही नाही म्हणत राहिलो. विसाव्या दिवशी बाबाच बोलले, "घाबरताय तुम्ही. दुखतंय मला."

मग शेक दिला, म्हणजे तेच रेडिएशन. झोपवणं, मोजमाप, सगळं धरून अर्धा तास गेला असेल. दोन दिवस दुखणं उलट वाढलं. आठव्या रात्री ते सलग साडेचार तास झोपले. मी मध्ये तीनदा उठून श्वास चालू आहे ना ते बघून आले, इतकी ती झोप अनोळखी होती. त्यानंतर पाच आठवड्यांनी ते गेले.

दोन गोष्टी मला खातात. एक ते १९ दिवस. दुसरी म्हणजे शेक देऊन आणल्यावर तीन दिवस आम्ही नातीला त्यांच्या खोलीत जाऊ दिलं नाही. ती दाराशी उभी राहून हाका मारायची आणि ते म्हणायचे, "लांबूनच बोल गं."

ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगा, ही भीती किती खरी होती? आणि शांत मरण म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर नक्की काय येतं?

पारंबी

ताई, वाचून गलबलून आलं. दोष देऊ नका स्वतःला. आमच्याही घरी हेच झालं असतं.

किरणसखा

सांजवातताई, मी किरणोपचार विभागात तंत्रज्ञ आहे, १४ वर्षं झाली. तुमच्या घरी निघाले तेच प्रश्न मी रोज ऐकतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी नातीचं. बाहेरून मशीनने दिलेल्या किरणांनी माणूस किरणोत्सारी होत नाही. दिवा मालवल्यावर भिंतीत उजेड साठून राहत नाही, तसंच हे. मशीन बंद झालं त्या क्षणी बाबा तुमच्या-माझ्यासारखेच होते. त्यांना मिठी मारता आली असती, त्यांच्या ताटात जेवता आलं असतं. खबरदारी लागते ती वेगळ्या उपचारांत. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन-१३१ देतात तेव्हा औषधच शरीरात असतं आणि ते थुंकी, घाम, लघवीवाटे बाहेर पडतं. त्याचं प्रमाण ८ दिवसांत निम्मं होतं. तेव्हा लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून काही दिवस लांब राहायला सांगतात. काकांनी ऐकलेलं त्यातलंच काहीतरी असणार. गोष्ट खरी, पण तुमच्या बाबांना लागू नव्हती.

आता "जाळणं". चार ग्रे एवढी किरणं एकाच वेळी संपूर्ण शरीराला लागली आणि उपचार मिळाले नाहीत, तर साधारण निम्मी माणसं दोन महिन्यांच्या आत दगावतात. आणि तुमच्या बाबांना त्याच्या दुप्पट, आठ ग्रे दिले, त्याने त्यांना झोप लागली. फरक जागेचा आहे. त्यांना दिली ती तळहाताएवढ्या भागाला.

उष्णतेचा यात काही संबंध नाही. ७० किलोच्या माणसाला चार ग्रे म्हणजे २८० ज्यूल ऊर्जा. त्याने अंगाचं तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागाएवढं वाढेल. घोटभर गरम पाण्यात याहून जास्त उष्णता असते. घात होतो तो पेशीतला डीएनए तुटल्यामुळे. ज्या पेशी भराभर विभागतात त्या आधी कोलमडतात. अस्थिमज्जा, आतड्याचं अस्तर, केसांची मुळं. कॅन्सरच्या पेशीही त्यातल्याच, म्हणून तर हा उपचार आहे.

दुखणं दोन दिवस वाढलं म्हणता, तेही नेहमीचं आहे. बऱ्याच रुग्णांना पहिल्या काही दिवसांत असं होतं. हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

पारंबी

किरणसखादादा, मनात आलं ते विचारते. एवढं निर्धोक असेल तर मशीन सुरू करताना तुम्ही लोक खोलीबाहेर का पळता? आईच्या वेळी मी तेच बघितलं आणि पोटात गोळा आला. एवढा जाड दरवाजा, लाल दिवा, आणि आत आई एकटी.

किरणसखा

अगदी रास्त प्रश्न आहे आणि रुग्ण तो बहुधा विचारत नाहीत, नुसते बघत राहतात.

आईंना ती किरणं हवी होती, मला नको होती, एवढंच त्याचं उत्तर. त्यांना त्यातून उपयोग होता. मी दिवसाला तीस-चाळीस रुग्ण करतो, वर्षानुवर्षं. प्रत्येक वेळी थोडी थोडी लागत गेली तर माझी बेरीज कुठल्या कुठे जाईल. म्हणून भिंती मीटर-दीड मीटर काँक्रीटच्या आणि माझ्या छातीला किरणं मोजणारा बिल्ला. आमच्यासारख्यांसाठी मर्यादा आहे पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला होऊ शकणाऱ्या अपायाच्या हिशेबाने किरणं मोजायचं माप). अंदाज यावा म्हणून, जमीन, हवा, आकाश यांतून कुणालाही जगभराच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. छातीच्या एका एक्स-रेत ०.१ किंवा त्याहूनही कमी. पोटाचा सीटी स्कॅन मात्र ८-१० पर्यंत जातो, म्हणून तो उगाच करू नये.

आणि आत कुणी एकटं नसतं. बाहेर पडद्यावर आमची नजर असते, माईक चालू असतो. पण ते सांगायला हवं. मी हल्ली दरवाजा लावण्याआधी सांगतो, "मी बघतोय, हात वर केलात की थांबवतो." आधीची काही वर्षं सांगत नव्हतो.

मोकळे_आकाश

सगळं वाचतोय. एक मनात आलेलं लिहितो, चुकलं तर माफ करा. मला कायम वाटत आलं आहे की रेडिएशनचं मरण हे खरं तर सगळ्यात शांत. दिसत नाही, वास नाही, दुखत नाही. बाँब पडायचाच असेल तर थेट डोक्यावर पडावा, कळायच्या आत सुटका. झोपेत मरण यावं म्हणतात, तसंच ते.

इतिहासवाचक

मोकळे_आकाश, असं खूप जणांना वाटतं, पण घडतं ते याच्या अगदी उलट. लागताना कळत नाही एवढंच खरं. पुढचं सगळं कळतं.

२१ मे १९४६, लॉस अलामॉस, अमेरिकेतली अणुबाँबची प्रयोगशाळा. लुई स्लोटिन हा भौतिकशास्त्रज्ञ प्लुटोनियमच्या गोळ्याभोवती धातूच्या दोन अर्ध्या वाट्या जवळ आणत होता. दोन्हींत फट राखायला हातात साधा स्क्रूड्रायव्हर. तो निसटला. वरची वाटी खाली बसली, अणू एकामागून एक फुटायची साखळी प्रक्रिया सुरू झाली, निळा उजेड चमकला. स्लोटिनने हाताने ती वाटी उचलून फेकली. खोलीत आणखी सात जण होते. त्याने लगेच कोण कुठे उभं होतं याचा नकाशा करायला घेतला, डॉक्टरांना प्रत्येकाचा डोस काढता यावा म्हणून. बाहेर पडताच उलटी झाली. स्वतःचं काय होणार हे त्याला तिथेच कळलं होतं, कारण त्याच गोळ्यावर काम करताना आदल्या ऑगस्टमध्ये झालेल्या अपघातात त्याचा सहकारी हॅरी डॅग्लियन २५ दिवसांनी गेला होता. स्लोटिन नऊ दिवसांनी, ३० मेला गेला. आईवडिलांना विमानाने बोलावून घेतलं होतं.

यात एक फसवा टप्पा असतो. उलट्या थांबतात, माणूस बोलतो, जेवतो, घरच्यांना वाटतं वाचला. तेवढ्या वेळात मज्जा आणि आतडं संपत आलेलं असतं. डोस जितका मोठा तितका हा टप्पा छोटा. चेर्नोबिलला १३४ जणांना हा किरणांचा आजार झाल्याचं पक्कं निदान झालं, त्यातले २८ पहिल्या काही महिन्यांत गेले. झोपेतलं मरण यातल्या कुणाच्या वाट्याला आलं नाही.

आणि बाँबचं म्हणाल तर डोक्यावर पडणाऱ्यांपेक्षा दोन-चार किलोमीटरवर असणारे नेहमीच जास्त असतात.

गवताचे_पाते

इतिहासवाचक, जपानमधल्या तोकाइमुराच्या अपघाताबद्दलही लिहा ना. तुम्हाला माहीत असणार. शांत मरणाचा प्रश्न तिथे फार टोकाला गेला होता.

इतिहासवाचक

लिहितो, पण त्रास होईल असं आहे, ज्यांना नको त्यांनी हा प्रतिसाद सोडून द्या.

३० सप्टेंबर १९९९, जपान. युरेनियम इंधन बनवणाऱ्या कारखान्यात काम लवकर उरकावं म्हणून कामगार बादल्यांनी द्रावण टाकीत ओतत होते. ठरलेल्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त युरेनियम एका टाकीत जमलं आणि साखळी प्रक्रिया सुरू झाली. तिघांना फार जबर किरणं लागली, त्यातले दोघं गेले. त्यातला एक ८३ दिवस जगला, दुसरा जवळजवळ सात महिने. ८३ दिवसवाल्याला दवाखान्यात आणलं तेव्हा तो बोलत होता. पण त्याची गुणसूत्रंच तुटली होती, म्हणजे नवी कातडी, नवं रक्त तयार करायची शरीराची कृतीच पुसली गेली होती. बहिणीच्या रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी दिल्या, कातडी लावली, रोज कित्येक लीटर द्रव आत घालत राहिले. ५९ व्या दिवशी हृदय थांबलं, ते पुन्हा चालू केलं. घरच्यांना आशा होती, डॉक्टरांनाही सोडवत नव्हतं.

मला त्यातल्या कुणालाच नावं ठेवायची नाहीत. पण तो ५९ वा दिवस माझ्या मनातून जात नाही.

गवताचे_पाते

आभार. मी परिचारिका आहे, नऊ वर्षं उपशामक सेवेत. ज्यांना बरं करता येत नाही त्यांचे हाल कमी करायचे, हे आमचं काम. ५९ वा दिवस किरणांशिवायही येतो, अतिदक्षता विभागात नेहमी येतो. "सगळं करा" हे घरचे प्रेमाने म्हणतात, आणि ते "सगळं" कुणाच्या अंगावर होतंय हे विचारायचं राहून जातं.

सांजवातताईंनी शांत मरण म्हणजे काय विचारलं. मी बघितलेलं सांगते.

शेवटच्या दोन-तीन दिवसांत माणूस बहुतेक वेळ झोपेत असतो. श्वास भराभर होतो, मग संथ, मग पंधरा-वीस सेकंद थांबतोच. घरचे उठून उभे राहतात. पुन्हा सुरू होतो. घशात घरघर होते, ऐकणाऱ्याला वाटतं गुदमरतोय, पण बहुधा त्या माणसाला त्याची जाणीव नसते. कुशीवर वळवलं की आवाज कमी होतो. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर जाळी दिसते. पाणी मागत नाहीत. बळजबरीने पाजू नये, ठसका लागतो. ओठ आणि जीभ ओल्या बोळ्याने टिपायची, दर अर्ध्या तासाने. एवढं काम घरातलं कुणीही करू शकतं, आणि ज्यांना करायला दिलं ते नंतर वर्षभर तेच आठवून सांगतात.

हे असं होण्यासाठी आधी दुखणं आटोक्यात असावं लागतं. ते आपोआप होत नाही. रेडिएशनइतकीच भीती मॉर्फीन या दुखणं कमी करणाऱ्या औषधाची आहे. "मॉर्फीन दिलं म्हणजे आता शेवट." खरं तर बेताने वाढवत नेलेल्या डोसने आयुष्य कमी होत नाही. बद्धकोष्ठ मात्र नक्की होतो, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं. सिसली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्यांची काळजी घेणारं घर, सुरू केलं. त्या आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. दुखायला लागल्यावर औषध द्यायचं नाही, घड्याळ लावून आधीच द्यायचं, हा त्यांचा आग्रह होता. तुमच्या बाबांना वेळेवर गोळी होती का, ताई?

आणि ही सेवा घेणं म्हणजे हार मानणं, असं समजू नका. फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांवरचा २०१० सालचा एक अभ्यास आहे. ज्यांना निदानापासूनच ही सेवा दिली ते मधल्या आकड्याने (निम्मे त्याहून जास्त, निम्मे कमी) ११.६ महिने जगले, ज्यांना नेहमीचेच उपचार दिले ते ८.९. आणि पहिल्या गटावर शेवटी शेवटी जोरकस उपचारांचा मारा कमी झाला होता.

जुनी_वाट

थोडं वेगळं मत मांडतो. भीती घालवायच्या नादात रेडिएशनला साळसूद करू नका. माझ्या आईला घशासाठी पूर्ण कोर्स दिला, सात आठवडे. तोंडात फोड, थुंकी बंद, शेवटी नाकातून नळी. हे असं होणार आहे, हे त्या दवाखान्यात कुणी आधी सांगितलं नाही. कागदावर सही घेतली, बस. ती वाचली, आज आहे, पण तो काळ आठवला की तिला अजून रडू येतं. लोकांची भीती हवेतून येत नाही.

शिवाय वेळेचा मुद्दा. माणूस चार-सहा दिवसांचाच सोबती असेल तर शेक देण्यात अर्थ नाही, गुण यायलाच एक ते चार आठवडे लागतात. तेव्हा त्याला स्ट्रेचरवरून नेणं-आणणं हेच हाल.

किरणसखा

जुनी_वाट, दोन्ही मुद्दे शंभर टक्के मान्य. घशाचा शेक हा सगळ्यात कठीण शेकांपैकी एक. तिथे कॅन्सर मारायचा असतो म्हणून ७० ग्रेपर्यंत जातात, रोज दोन-दोन ग्रे करत. हाडाच्या दुखण्याचा एकदाच दिलेला आठ ग्रे हे वेगळंच प्रकरण. दोन्हीला आपण "रेडिएशन" म्हणतो, तिथेच घोटाळा होतो.

सांजवातताई, वाईट वाटून घेऊ नका, पण वेळेबद्दल ते म्हणतात ते खरं आहे. म्हणूनच हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणापुढे हा प्रश्न आला तर त्यांनी लवकर विचारावं.

इतिहासवाचक

भीती कुठे योग्य असते त्याचंही एक उदाहरण देतो. गोयानिया, ब्राझील, सप्टेंबर १९८७. ओस पडलेल्या दवाखान्यातलं किरणोपचाराचं जुनं यंत्र दोघांनी भंगारात विकायला फोडलं. आत सीझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाची पूड, अंधारात निळी चमकणारी. भंगारवाल्याने ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना हौसेने वाटली. सहा वर्षांच्या एका मुलीने ती अंगाला चोळली. घरातल्या सगळ्यांना एकदम उलट्या का होतात, हा संशय पहिल्यांदा आला तो त्या भंगारवाल्याच्या बायकोला. तिने ते तुकडे पिशवीत भरून बसने दवाखान्यात नेले. त्यामुळे पुढचं सगळं थांबलं. २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात सीझियम सापडलं, चार गेले. ती बाई आणि ती मुलगी, दोघी एकाच दिवशी.

इथे भीती हवी होती आणि नव्हती. पूड वाटली जात होती तेव्हा कुणी घाबरलं नाही. आणि नंतर, मुलगी दवाखान्यात होती तेव्हा कर्मचारी तिच्या खोलीत जायला घाबरत. बाहेरून तज्ज्ञ आले तेव्हा ती एकटीच पडलेली होती. पुरायला नेलं तर जमावाने दगड मारले.

सांजवात

हे वाचून थोडा वेळ बाजूला जाऊन बसले. ती सहा वर्षांची, एकटी. आमच्याकडे चार वर्षांची दाराबाहेर आणि बाबा आत.

गवताचे_पाते, गोळी होती, पण आम्ही "फार दुखलं तरच" देत होतो. सवय लागेल म्हणून. ७८ वर्षांच्या माणसाला सवय लागेल म्हणून.

मोकळे_आकाश

परवा जे लिहिलं त्याबद्दल थोडं स्पष्टीकरण द्यायला हवं. मला तीन आठवड्यांपूर्वी निदान झालं आहे. घरी अजून सगळं सांगितलेलं नाही. पटकन सुटका हे शब्द तिथून आले होते. आत्ता लगेच काही करून घेण्याचा विचार नाही, काळजी करू नका. पण रात्री फक्त हेच डोक्यात असतं की माझे असे हाल होणार आणि मला काही बोलता येणार नाही.

गवताचे_पाते

दादा, लिहिलंत ते फार बरं केलं. रात्री विचार अंगावर आले तर इथे लिहा, मला व्यनि (खासगी निरोप) करा, पण घरातल्या एका माणसाला आजच सांगा. सगळं नको, पहिलं वाक्य सांगा. आणि कधी सुटका करून घ्यावीशी वाटलीच तर तेही डॉक्टरांना तितकंच उघड सांगा. ते दुखण्याइतकंच खरं लक्षण आहे आणि त्यावरही उपचार आहेत.

बोलता येणार नाही ही भीती तर आत्ताच कमी करता येते. तुम्हाला काय चालेल ते लिहून ठेवा. श्वासाचं मशीन लावायचं का. नाकात नळी घालायची का. हृदय थांबलं तर छाती दाबायची का. घरी राहायचं की दवाखान्यात. तुमच्या वतीने कोण बोलेल, त्याचं नाव, आणि त्याला ते माहीत असू द्या. नंतर मत बदललं तर कागद बदलायचा. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, "दुखलं तर काय काय करता येईल?" उत्तर बरंच लांबलचक मिळेल.

मोकळे_आकाश

बहिणीला फोन केला. चाळीस मिनिटं झाली, त्यातली वीस ती रडली. उद्या येते आहे.

पारंबी

🙏 छान केलंत.

सांजवातताई, नात मग भेटली ना आजोबांना?

सांजवात

हो. चौथ्या दिवशी मीच तिला आत सोडलं, भाऊ रागावला तरी.

शेकाच्या आधी कमरेवर शाईने खुणेची फुली काढलेली होती, जांभळी. तिने सदरा वर करून पाहिली. "इथे कोणी लिहिलं?" बाबा म्हणाले, "इथे दुखतं हे त्या मशीनला कळावं म्हणून." तिने स्केचपेन आणून स्वतःच्या कमरेवर तशीच काढली. पुढे अंग पुसताना बाबांची पुसट व्हायची आणि ती पुन्हा गिरवून ठेवायची, रोज, जीभ बाहेर काढून. ते गेले त्या सकाळी त्यांना पुसायला घेतलं तर ती तिथेच होती, आदल्या संध्याकाळी गिरवलेली.